सेवा क्लबच्या सभेत शांतता-कार्यावरचे वक्ते: त्यांना नेमके काय बोलायला सांगावे?

मुलुंडकर (प्रश्न)

आमच्या रोटरी क्लबची साप्ताहिक सभा दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला असते आणि यंदा वक्ते ठरविण्याचे काम माझ्याकडे आले आहे. रोटरीच्या दिनदर्शिकेत फेब्रुवारी हा शांतता आणि संघर्ष-प्रतिबंधाचा महिना असल्यामुळे, वस्त्यांमध्ये सलोख्याचे काम केलेल्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना मी विनंती केली आणि त्यांनी होकारही दिला. घंटा, सचिवांचा अहवाल, वाढदिवसांच्या शुभेच्छा आणि वक्त्यांची ओळख एवढे आटोपल्यावर त्यांच्या वाट्याला जेमतेम पंचवीस मिनिटे येतात.

मागच्या वर्षी याच विषयावरच्या भाषणात पडद्यावर आधी कबुतर, मग गांधीजी आणि शेवटी उगवता सूर्य आला, ‘शांततेची सुरुवात घरापासून होते’ हे वाक्य मी मोजून चार वेळा ऐकले, आणि मागच्या रांगेतली मंडळी जेवणात काय आहे याची चौकशी करू लागली. (बटाटेवडे होते. ते मात्र सर्वांच्या लक्षात आहेत.) यंदा तसे होऊ नये, म्हणून वक्त्यांना कोणता विषय नेमून द्यावा? शिवाय, क्लबात राजकारण नको या कारणास्तव १९९२-९३ चा उल्लेखच टाळावा, असे दोन ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे. ते कितपत योग्य आहे?

माहीमचा रहिवासी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. रोटरीला वर्ज्य आहे ते पक्षीय राजकारण. शहराचा इतिहास नव्हे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईत शांतता-कार्यावर बोलायचे आणि हे वगळायचे, म्हणजे धरणाची माहिती देताना नदीचे नाव न घेण्यासारखे आहे.

त्यानंतर सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीचे, म्हणजे वस्तीतील हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस यांना एकत्र बसविण्याचे, काम उभे राहिले. आमच्या भागातील अशा एका बैठकीला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दोन तास कचरापेटी, तुंबलेले गटार आणि रात्री उशिरापर्यंत वाजणारा भोंगा यांवरच चर्चा झाली आणि यासाठी आपण रविवार का घालवला, असे वाटून मी वैतागून घरी आलो. पुढे एका रात्री गल्लीत अफवा पसरली, तेव्हा पलीकडच्या मशिदीच्या विश्वस्तांचा क्रमांक माझ्याकडे होता आणि माझा त्यांच्याकडे. गटारापायी झालेली ओळख तेव्हा उपयोगी पडली. आपल्या वक्त्यांना तत्त्वज्ञान विचारू नका. अशी एखादी रात्र पहिल्या फोनपासून पहाटेपर्यंत क्रमाने सांगायला सांगा.

भिवंडीवाला

ही कल्पना मुंबईच्या आधी भिवंडीत राबविली गेली होती, याची नोंद असावी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचे गाव बदनाम झाले होते. तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांतील माणसांच्या मोहल्ला समित्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मात्र हे सांगून टाळ्या घेऊन थांबू नये. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा उसळली आणि दोन पोलीस मारले गेले. वक्ते पोलीस खात्यातलेच आहेत, तर अधिकाऱ्याची बदली झाल्यावर समितीचे काय होते, हा प्रश्न त्यांना अवश्य विचारावा. माझ्या अनुभवात बहुतेक समित्या तेथेच ढिल्या पडतात आणि मग ईद-गणपतीच्या आधी फोटोपुरत्या जमतात.

मध्यस्थ_दादर

वरील दोघांशी मी सहमत आहे, पण आपल्या श्रोत्यांचाही विचार करावा. ते दंगलीपेक्षा सोसायटीच्या भांडणात कितीतरी अधिक वेळा सापडतात. मी मध्यस्थीचे काम करतो. एका गळतीच्या तंट्यात वरच्या आणि खालच्या मजल्यावरची दोन कुटुंबे माझ्यासमोर बसली होती. खालच्या काकूंनी ओल आलेल्या छताचे फोटो तारखेनुसार वहीत चिकटवून आणले होते. गळती कधी सुरू झाली, असे विचारल्यावर दोघांनीही जून महिना सांगितला. भांडण कधी सुरू झाले, असे विचारल्यावर काकू वही मिटून म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या वर्गणीवरून.” प्लंबर त्याआधी तीनदा येऊन गेला होता, पण त्याला कोणी वरच्या घरात शिरूच दिले नव्हते.

२०२३ च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. एखाद्या परिसरातील शांतता बिघडविणारा तंटा दोन्ही पक्षांच्या संमतीने तीन मध्यस्थांसमोर नेता येतो. त्यातून झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, त्यामुळे माझे वकील मित्र त्याला दात नसलेला कायदा म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण शेजाऱ्यांमधील समझोता हुकूमनाम्यावर टिकल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. भाषणानंतर दहा मिनिटे काढून दोन सदस्यांना असे एखादे भांडण सर्वांसमोर मांडायला लावा आणि आपल्या पाहुण्यांना ते सोडवू द्या.

मुलुंडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल वक्त्यांशी फोनवर बोललो. एका रात्रीचीच हकीकत सांगा, असे म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग त्या रात्री माझे जे चुकले, तेही सांगावे लागेल.” मी हो म्हटले. बदलीनंतर समितीचे काय होते, हा प्रश्न मीच विचारणार आहे. १९९२-९३ ला हरकत घेणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक आता राजी आहेत, दुसरे त्या बुधवारी पुण्याला आहेत. गळतीच्या भांडणासाठी दोन सदस्य तर इतक्या उत्साहाने पुढे आले की ते खरोखरच एकाच इमारतीत राहतात का, याची मला चौकशी करावी लागली. (राहतात.) वाढदिवसांच्या शुभेच्छा जेवणाच्या वेळी द्यायला अध्यक्ष तयार झाले आहेत, त्यामुळे पंचवीस मिनिटांची आता पस्तीस झाली आहेत.