मदत हवी आहे: स्नायूपेशींना करंट देऊनही आयएल-६ दोन्ही प्लेटमध्ये सारखंच येतंय

रात्रपाळीवाला
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. प्लेटमध्ये इलेक्ट्रोड बुडवून स्नायूपेशींना करंट देतोय, म्हणजे थोडक्यात त्यांच्याकडून व्यायाम करून घेतोय. व्यायाम केलेल्या पेशी जे काही बाहेर सोडतात ते मीडियमसकट (पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात त्यासकट) काढायचं, चरबीपेशींवर टाकायचं आणि चरबी फुटते का बघायचं, एवढंच काम. पण एलायझात (प्रथिन मोजायच्या चाचणीत) आयएल-६, म्हणजे व्यायामात स्नायू सोडतात तो निरोप्या रेणू, व्यायामवाल्या आणि आरामवाल्या प्लेटला अगदी सारखं. चरबी फुटली की निघणारं ग्लिसेरॉलही चरबीपेशींतून दोन्हीकडे सारखंच निघतंय. सगळं पेपरात दिलंय तसंच केलंय. गुरुवारी लॅब मीटिंग आहे. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा. 'आधी वाचन करा' म्हणू नका, वाचून झालंय.

अणुरेणू
कोणत्या पेशी? उंदराच्या सी२सी१२, घुशीच्या एल६ की माणसाच्या बायोप्सीतल्या? किती व्होल्ट, किती हर्ट्झ, किती तास? कंट्रोल काय ठेवलाय? आणि 'पेपरात दिलंय' म्हणजे कोणत्या पेपरात, या विषयावर ढिगाने पेपर आहेत.

रात्रपाळीवाला
सी२सी१२च, दुसरं काय असणार. १ हर्ट्झ, २ मिलिसेकंदांचा पल्स, ११.५ व्होल्ट, २४ तास. नेहमीचंच. कंट्रोल म्हणजे करंट न दिलेली प्लेट.

सीरमशत्रू
घोटाळा सीरममध्ये आहे, लिहून घ्या. मायोट्यूब (पेशी जुळून बनणारे स्नायूतंतू) बनवताना २ टक्के हॉर्स सीरम घालता ना? तेच करंट देतानाही ठेवलंय, बरोबर? सीरम म्हणजे एका प्राण्याचं अख्खं रक्तच, पेशी आणि गुठळी तेवढी काढून टाकलेली. त्यात हार्मोन आहेत, ग्रोथ फॅक्टर आहेत. ते तुम्ही थेट चरबीपेशींवर ओतताय आणि म्हणताय दोन्हीकडे सारखं का. सारखंच येणार! करंटच्या आधी दोनदा धुवा आणि बिनसीरमच्या मीडियममध्ये घ्या.

मायोट्यूबमावशी
सीरमशत्रू, तुमच्या नावातच उत्तर आहे, प्रश्न कुठलाही असो. सी२सी१२ला २४ तास उपाशी ठेवून वर करंट दिलात तर मायोट्यूब सोलल्यासारख्या तळापासून सुटतात. मग मीडियममध्ये जे येतं तो व्यायामाचा स्राव नसतो, फुटलेल्या पेशींचं पाणी असतं. सीरम ठेवायचं की नाही हा नंतरचा मुद्दा.
धागाकर्ते, पेशी आकुंचन पावताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात का? सेकंदाला एक झटका दिसायला हवा. दिसत नसेल तर करंट दिला काय आणि न दिला काय.

रात्रपाळीवाला
दिसतात. व्हिडिओ आहे. सीरम काढूनच करतो, ६ तास आधी. सुटलेल्या पेशी फार नाहीत.

चालतारोज
नमस्कार. मी रोज तासभर चालतो, वजन जागचं हलत नाही. व्यायामाने स्नायूंतून आयरिसिन नावाचं काहीतरी निघतं आणि त्याने चरबी जळते असं वाचलं. ते गोळीत मिळतं का? कुणी घेतलंय का?

शंकेखोर
चालतारोज, आयरिसिन प्रथिन आहे, ११२ अमिनो आम्लांचं. तोंडाने घेतलंत तर पोट त्याचे तुकडे करील. त्या नावाने गोळी विकणाऱ्यापासून लांब राहा.
मुळात आयरिसिनच्या कथेवरच माझा विश्वास नाही. २०१२ मध्ये स्पीगलमन यांच्या गटाने नेचरमध्ये मांडलं की व्यायामाने हे स्नायूतून सुटतं आणि पांढऱ्या चरबीला तपकिरी चरबीचे गुण देतं. सगळीकडे गाजलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की माणसात या जनुकाचा सुरुवातीचा कोडॉन (प्रथिन इथून बनवायला घ्या असं सांगणारी तीन अक्षरं) एटीजी नसून एटीए आहे, म्हणजे प्रथिन तयारच नीट होत नसावं. २०१५ मध्ये आणखी एका गटाने आयरिसिन मोजायच्या किटांतल्या बाजारातल्या अँटिबॉडी तपासल्या तर त्या भलत्याच प्रथिनांना चिकटत होत्या. तोवर त्याच किटांवर लोकांनी पेपर छापले होते!

मायोट्यूबमावशी
अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच २०१५ मध्ये स्पीगलमन यांच्या गटाने अँटिबॉडी बाजूला ठेवून मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वजनावरून ओळखायच्या पद्धतीने) माणसाच्या रक्तात ते मोजलं. बैठ्या लोकांत मिलिलिटरला साधारण ३.६ नॅनोग्रॅम, एरोबिक व्यायाम करणाऱ्यांत ४.३. एटीएवरूनही थोडं प्रथिन बनतंच. किट वाईट म्हणून रेणूच नाही असं होत नाही.

शंकेखोर
३.६ चं ४.३ झालं, बरं. त्यावर चरबीचा रंग पालटणार?

अणुरेणू
तुम्ही दोघं आयरिसिनचा वेगळा धागा काढा. इथे आयएल-६ चाललंय.

नाडीपरीक्षा
मला एक कळत नाही. आयएल-६ तर सूज वाढवणारा रेणू. जंतुसंसर्गात वाढतो, संधिवातात वाढतो. तो वाढला म्हणून तुम्ही खूश का होताय? व्यायामाने सूजच वाढते असं म्हणायचं का?

अणुरेणू
हा प्रश्न २० वर्षांहून जास्त काळ विचारला जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काम करणाऱ्या स्नायूतून रक्तात काहीतरी उतरतं आणि त्याचा परिणाम दुसऱ्या अवयवांवर होतो, हा अंदाज जुनाच. गोल्डस्टीन यांनी १९६१ मध्ये साखर कमी करणाऱ्या अशा घटकाबद्दल लिहिलंय. नेमका रेणू हाती लागला २००० च्या सुमारास, कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाकडे. त्यांनी लोकांकडून एकाच पायाचा व्यायाम करून घेतला आणि त्या पायात जाणाऱ्या व पायातून येणाऱ्या रक्तातलं आयएल-६ मोजलं. बाहेर येणाऱ्या रक्तात ते स्पष्ट जास्त होतं, म्हणजे पायच ते सोडत होता. मॅरेथॉनसारख्या लांब दमाच्या व्यायामानंतर रक्तातली पातळी १०० पटींपर्यंत चढू शकते आणि थांबल्यावर लवकर उतरतेही.
फरक साथीदारांचा आहे. जंतुसंसर्गात आधी सूज पेटवणारं टीएनएफ-अल्फा येतं, मागोमाग आयएल-६. व्यायामात टीएनएफ जवळपास हलत नाही. आयएल-६ नंतर उलट आयएल-१० आणि आयएल-१आरए हे सूज आवरणारे येतात. आणि ते चयापचयात काम करतं: यकृताला ग्लुकोज सोडायला लावतं, चरबी फोडायला लावतं. स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपत आलं की जास्त सुटतं. म्हणजे इंधन कमी पडतंय, पाठवा, अशी मागणी.

नाडीपरीक्षा
हे उंदरांतलं की माणसांतलं?

अणुरेणू
माणसांतलं. २०१९ चा एक प्रयोग तर फार नेटका आहे. पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. काहींना सोबत टोसिलिझुमॅब दिलं, जे आयएल-६ चा रिसेप्टर अडवतं, बाकीच्यांना सलाइन. सलाइनवाल्यांची पोटातली, अवयवांभोवतीची चरबी कमी झाली. ज्यांचं आयएल-६ अडवलं त्यांची ती घट झालीच नाही. सायकल तीच.

हळदीकुंकू_नको
मी संधिवातासाठी हेच औषध घेते. मग व्यायाम सोडू का?

नाडीपरीक्षा
ताई, व्यायाम अजिबात सोडू नका आणि औषधही स्वतःहून बंद करू नका. तो प्रयोग एका प्रकारच्या चरबीपुरता होता. सांधे, ताकद, दम, साखर या सगळ्यांना व्यायामाचा उपयोग वेगळ्या वाटांनीही होतो. स्नायू आकुंचन पावला की ग्लुट४ हे साखर वाहणारं प्रथिन इन्शुलिनशिवायच पेशीच्या कडेला येतं आणि साखर आत घेतं, त्याला आयएल-६ लागतंच असं नाही. बाकी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

गोडबोले_नाही
मग मी जोरात सायकल मारली की मीटरवर साखर वाढते ती का? स्नायूने खायला पाहिजे ना?

नाडीपरीक्षा
मधुमेह कोणता, इन्शुलिन घेता का, मोजता कधी, यातलं काहीच लिहिलं नाहीत. ढोबळ सांगायचं तर जोराच्या व्यायामात ॲड्रेनलिन चढतं आणि यकृत स्नायूंच्या गरजेपेक्षा जास्त साखर सोडतं. ती तात्पुरती वाढ. त्यापुढचा सुमारे २४ ते ४८ तास इन्शुलिन जास्त चांगलं काम करतं. वेगळा धागा काढा, तिथे लिहू.

नवंतेसोनं
आयएल-६ आता जुनं झालं हो. लॅक-फे बघा, २०२२ चा नेचर पेपर. लॅक्टेट आणि फेनिलॲलनिन जोडून बनतं, जोरात धावल्यावर रक्तात उसळी मारतं. लठ्ठ उंदरांना टोचलं तर ते कमी खायला लागले. तुम्ही तेच मोजा.

मायोट्यूबमावशी
नवंतेसोनं, त्याच पेपरात आहे की लॅक-फे बनवण्यात मॅक्रोफेज (प्रतिकारक पेशी) आणि एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींचा वाटा मोठा. स्नायू लॅक्टेट पुरवतो, जोडणी दुसरीकडे होते. यांच्या प्लेटमध्ये नुसत्या सी२सी१२ आहेत. तिथे शोधून काय हाती लागणार? आणि मास स्पेक लागेल, गुरुवारपर्यंत कुठून आणणार?
धागाकर्ते, कंट्रोल प्लेटमध्ये इलेक्ट्रोड बुडवलेले होते का?

रात्रपाळीवाला
नाही. कशाला? करंटच द्यायचा नाही तर.

मायोट्यूबमावशी
मग तो पुरा कंट्रोल नाही. तीन हवेत. एक, पेशी आहेत, इलेक्ट्रोड बुडवलेले, स्विच बंद. दोन, पेशीच नाहीत, नुसत्या मीडियममधून २४ तास करंट. तीन, पेशींशिवाय, करंटशिवाय इन्क्युबेटरमध्ये तेवढाच वेळ ठेवलेलं मीडियम. दुसरा लोक हमखास विसरतात. इलेक्ट्रोडपाशी बारीक बुडबुडे येतात, पीएच सरकतो, आणि तेच मीडियम चरबीपेशींना झोंबतं. २४ तासांनी मीडियममधला फिनॉल रेड, म्हणजे पीएच दाखवणारा रंग, लालच राहतो की नारिंगी-पिवळा पडतो? पिवळा पडत असेल तर लॅक्टेट साठलंय आणि ग्लुकोज संपत आलंय. मग चरबीपेशींना तुम्ही मायोकाइन (स्नायूचे स्राव) देताय की आंबट, उपाशी मीडियम देताय, कसं सांगणार? निदान अर्धं ताजं मीडियम मिसळून द्या.

सीरमशत्रू
शिवाय तुमचं मीडियम हाय ग्लुकोज डीएमईएम असेल. लिटरला साडेचार ग्रॅम. पेशी ग्लायकोजेनने टम्म फुगलेल्या. त्या कशाला इंधनाची मागणी करतील? लो ग्लुकोज घ्या. पण आधी सीरम.

अणुरेणू
सगळं ठीक आहे, पण यातल्या कशानेही आराम करणाऱ्या प्लेटमध्ये आयएल-६ *जास्त* येत नाही. 'सारखं' म्हणजे दोन्हीकडे कमी की दोन्हीकडे जास्त? ओडी (एलायझातल्या रंगाच्या गडदपणाचा आकडा) लिहा. आणि वरचं स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक मात्रेचा सगळ्यात मोठा नमुना, कितीचं?

रात्रपाळीवाला
दोन्ही ३.४ च्या आसपास. वरचं स्टँडर्ड मिलिलिटरला ५०० पिकोग्रॅम, त्याचा ओडी २.९.

अणुरेणू
अहो, मग तुम्ही मोजलंच नाही! दोन्ही नमुने स्टँडर्डच्या कर्व्हच्या बाहेर आहेत. तिथे ६०० आणि ६,००० सारखेच दिसतात. १:१० आणि १:५० पातळ करून परत लावा. 'सारखं आहे' हे वाक्य तूर्त मीटिंगमध्ये उच्चारू नका.
आता खरा प्रश्न: आराम करणाऱ्या सी२सी१२ एवढं आयएल-६ का ओकताहेत? मीडियम तयार बाटलीतलं की पावडरपासून बनवता?

रात्रपाळीवाला
पावडरपासून. आमच्याकडे सगळेच तसं करतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो, कधी कंटॅमिनेशन झालेलं नाही.

अणुरेणू
पाणी कुठलं?

रात्रपाळीवाला
लॅबचंच शुद्ध पाणी. टाकीत साठवलेलं. ऑटोक्लेव्ह करून घेतो.

मायोट्यूबमावशी
सापडलं बहुतेक. एंडोटॉक्सिन.

अणुरेणू
मलाही तेच वाटतं. फिल्टर जिवाणू अडवतो, पण मेलेल्या जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, आरपार जातं, ऑटोक्लेव्हलाही ते दाद देत नाही. साठवणीच्या टाकीत आणि नळीत जिवाणूंचा थर असला की पाणी दिसायला स्वच्छ, प्लेटवर काहीही उगवत नाही, आणि एलपीएस भरपूर. सी२सी१२वर एलपीएस ओळखणारा टीएलआर४ असतो. त्यांना एलपीएस दिसलं की काही तासांत आयएल-६ सोडतात, व्यायाम असो नसो. पुढचं बघा: तेच मीडियम तुम्ही चरबीपेशींवर टाकताय. एलपीएसने त्यांच्यातही लिपोलिसिस, म्हणजे चरबी फुटणं, वाढतो. म्हणजे ग्लिसेरॉलही दोन्हीकडे सारखं. तुमची दोन्ही दुखणी एकाच बाटलीतली असू शकतात.
तपासायला सोपं: त्याच पेशींच्या आरएनएवर टीएनएफ-अल्फा बघा. आरामवाल्या प्लेटमध्ये टीएनएफही चढलेलं असेल तर ते आकुंचनाचं काम नाही. एलएएल टेस्ट (एंडोटॉक्सिन मोजायची) लावता आली तर उत्तमच.

शंकेखोर
किंवा मायकोप्लाझ्मा, तो अगदी बारका जिवाणू. तोही ०.२२ मधून निसटतो, मीडियम गढूळ होत नाही, आणि सायटोकाइन (आयएल-६ सारखे निरोपे) बिघडवतो. शेवटची टेस्ट कधी केली होती?

रात्रपाळीवाला
ती दर महिन्याला होते, निगेटिव्ह आहे. पाण्याचं मात्र कुणीच कधी तपासलं नाही. शेजारच्या लॅबमधून तयार मीडियमची सीलबंद बाटली आणली आहे. आज रात्री दोन्ही मीडियम शेजारी शेजारी लावतो, करंट न देता, आधी आराम तरी आराम आहे का ते बघतो. जुने नमुने १:५० करून एलायझाला घातलेत.

चालतारोज
म्हणजे गोळी नाहीच का कुठली?

शंकेखोर
नाही. चालणं चालू ठेवा, वेग वाढवा, आठवड्यातून दोनदा वजनं उचला.

रात्रपाळीवाला
१:५० चा निकाल: व्यायाम आणि आराम दोन्ही कर्व्हमध्ये आले. व्यायामवालं जास्त आहे, पण आरामवालं अजूनही भलतंच वर. नव्या मीडियममधल्या आराम प्लेटचा ओडी जेमतेम ०.२. टीएनएफचा पीसीआर (आरएनए मोजायची चाचणी) लागलाय. एक राहिलं: इलेक्ट्रोड आतापर्यंत त्याच टाकीच्या पाण्याने धुतले जायचे. एलपीएस इलेक्ट्रोडच्या कार्बनला चिकटून बसतं का, आणि ते काढायचं कसं? ऑटोक्लेव्हने जात नाही म्हणालात.

मायोट्यूबमावशी
कार्बन सच्छिद्र असतो, त्यात असलं काहीही मुरतं. नुसता कार्बन असेल आणि वायर सुटी होत असेल तर कोरड्या भट्टीत २५० अंशांना अर्धा तास. प्लास्टिकचं झाकण काढून, नाहीतर ते वितळेल. जमत नसेल तर नवे घ्या आणि एंडोटॉक्सिनमुक्त पाण्यानेच धुवा. पेशींशिवायचा करंट कंट्रोल याच वेळी लावून टाका.

सीरमशत्रू
आणि त्या नव्या बाटलीत सीरम घालू नका.