मदत हवी आहे: निव्वळ स्तनपान जमेल याची आईला किती खात्री आहे, हे गावात मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एमएस्सी नर्सिंग करतेय, विषय सामुदायिक आरोग्य. प्रबंधाचं काम राधानगरी आणि भुदरगड तालुक्यातल्या वाड्यांवर चाललंय. सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबही नाही, हे आपल्याला जमेल अशी खात्री आईला किती वाटते ते मोजायचं आहे. इथे प्रश्नावल्यांवर काम केलेले लोक आहेत आणि गावोगाव फिरलेल्या सिस्टरही आहेत, म्हणून विचारतेय.

साधन म्हणून स्तनपानावर संशोधन करणाऱ्या सिंडी-ली डेनिस यांची २००३ सालची १४ विधानांची छोटी मापनश्रेणी घेतलीय. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण १४ ते ७०. बाळाचं पोट भरलं हे मला कळतं, बाळाने स्तन नीट तोंडात धरलाय याची खात्री करता येते, घरचे समोर असतानाही मी निःसंकोच पाजू शकते, अशी ती विधानं. मराठी रूपांतर मार्गदर्शकांनी तपासलंय.

अडचण घरात गेल्यावर सुरू होते. एका घरी बाळंतीण भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर महिन्याचं बाळ, शेजारी सासूबाई. मी पहिलं विधान वाचलं, तर त्याच म्हणाल्या, "तिला काय इचारता, मला इचारा की. दूध भरपूर हाय." सून मान डोलावत गेली आणि सगळीकडे पाच. निघताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मी पाजतो की, पण रात्री लय रडतंय, तवा वाटतंय पुरत न्हाई. मग आत्ती गुटी देत्यात." कोपऱ्यात सहाण, वेखंड आणि मुरडशेंग दिसतच होती. कागदावर मात्र पूर्ण ७० गुण!

यात मला तीन गोष्टी खटकतात. चौदाही विधानं होकारार्थी आहेत, त्यामुळे पाहुण्यांपुढे 'हो' म्हणायची सवय थेट गुणांत उतरते. दुसरं, 'पूरक म्हणून डब्याचं दूध न देता मी पाजू शकते' असं एक विधान आहे. आमच्या वाड्यांवर डबा क्वचितच दिसतो, तिथे गुटी, मध, उकळून गार केलेलं पाणी आणि ग्राइप वॉटर चालतं. आई खरं उत्तर देऊन पाच गुण मिळवते आणि तरी स्तनपान निव्वळ राहत नाही. निव्वळ स्तनपानाच्या व्याख्येत औषध, जीवनसत्त्वाचे थेंब आणि ओआरएस चालतात, गुटी चालत नाही. तिसरं, 'प्रत्येक वेळी अंगावरच पाजू शकते' याचं उत्तर आईच्या खात्रीपेक्षा भांगलणीवर ठरतं. बाळ आजीपाशी आणि आई बांधावर, तर तिने काय सांगावं?

मला सगळ्यात जास्त अडवणारा प्रश्न वेगळाच आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांच्या मांडणीत अशी खात्री चार ठिकाणांहून येते: स्वतःचा अनुभव, दुसऱ्यांना करताना पाहणं, जवळच्यांचं बोलणं आणि शरीर-मनाची अवस्था. मग सासूचा शब्द हा मोजणीतला अडथळा समजायचा, की आईच्या खात्रीचाच भाग?

शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. पुढची नोंद घ्यायला जावं तर कुणी कागलला सासरी गेलेली, कुणी थेट निपाणीला. घर बदललं की सल्ले देणारी माणसंही बदलतात. ही फेरनोंद कशी धरायची?

प्रतिसाद १
ताई, मी बरीच वर्षं उपकेंद्रावर काम केलंय. घरी विचारूच नका. दीड महिन्याच्या लसीला आई उपकेंद्रावर येतेच. आशाताईंना सांगा, बाळाचं वजन करताना आजीला काट्यापाशी घ्या. तेवढ्यात सुनेशी निवांत बोला. आणि "गुटी देता का?" असं विचारलं की "न्हाई" हेच उत्तर येतं. "काल आंघोळीनंतर बाळाला काय काय दिलं?" असं विचारा, ती आपणहून सांगेल. आजीबाईंवर रागावू नका हं, त्यांनीही लेकरं जगवलीत. त्यांना वेगळं बसवून त्यांचंही ऐका.

प्रतिसाद २
१४ विधानांना हात लावू नका, नाहीतर बाहेरच्या अभ्यासांशी तुलना होणार नाही. वापरासाठी मूळ लेखिकेची परवानगी घेतली असेलच. 'घरच्यांनी गुटी द्यायला सांगितलं तरी मी थांबवू शकते' अशी स्थानिक विधानं वेगळ्या भागात ठेवा, त्यांची बेरीज आणि क्रोनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) वेगळा काढा. मूळ श्रेणीचा अल्फा ०.९४ होता, पण तुमच्याकडेही तसाच आला म्हणून खूश होऊ नका. प्रत्येक आईने विचार न करता सगळ्या विधानांना एकच गुण दिला, कुणी सगळीकडे पाच, कुणी सगळीकडे चार, तरी तो वर जातो. पाच पर्याय एकदम वाचण्यापेक्षा आधी 'जमतं का?', मग 'थोडं की पक्कं?' असं दोन टप्प्यांत विचारा. आणि फक्त आदल्या दिवसाच्या आठवणीवर विसंबू नका. एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) देशाचा निव्वळ स्तनपानाचा आकडा जवळपास ६४ टक्के आहे, तो असाच आदल्या दिवस-रात्रीवरून काढलेला. एक दिवसाआड गुटी देणारी आई त्यात सुटते. जन्मापासून आजवर काय काय दिलं, तेही विचारा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. लसीकरणाच्या दिवशी विचारायचं ठरवतेय, आणि आजीसाठी वेगळी छोटी प्रश्नावली करते. आई आणि आजी यांची उत्तरं जिथे जुळत नाहीत, तिथेच खरं काहीतरी सापडेल असं वाटतंय. माहेर-सासरचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. नोंद बाळाच्या वयाप्रमाणे घ्यावी, की सासरी गेल्यावर ठरावीक आठवड्यांनी? कुणी असा पाठपुरावा केला असेल तर कृपया लिहा.