मदत हवी आहे: संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे आणि हँडबिलं नाट्यसंग्रहालयात कशी जपावीत?

नेपथ्या
सांगलीत नाट्यसंग्रहालयासाठी एक खोली तयार करतोय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ याच गावात केलं, त्यामुळे लोक जुन्या वस्तू आपणहून आणून देतात. सध्या राजवाडा आणि जंगल असे दोन रंगवलेले पडदे, बरीच हँडबिलं, एक भरजरी शालू आणि काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या ग्रामोफोन तबकड्या आल्या आहेत. पडदे घडी घालून ठेवलेले होते, घड्यांवर रंग भुकटीसारखा झडतोय. ते ओल्या फडक्याने पुसून इस्त्री करावी आणि हँडबिलं लॅमिनेट करावीत, असा सल्ला मिळतोय. बऱ्याच हँडबिलांवर वार-तारीख आहे, साल नाही. पावसाळा तोंडावर आहे. सुरुवात कुठून करू?

तिसरी घंटा
पडद्यांना पाणी अजिबात लावू नका, इस्त्रीही नको. या पडद्यांचे रंग बहुतेक सरसात (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदात) कालवलेले असतात. सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओलं फडकं फिरलं की रंग पसरतो आणि कापडावर कायमचे डाग पडतात. रंग झडतो तोही सरस जुना होऊन त्याची पकड सुटल्यामुळे.

आधी तपासणी. कोपऱ्यातल्या एखाद्या रंगावर कोरडा कापूस अलगद टेकवा. रंग कापसावर आला तर ब्रशसुद्धा फिरवू नका. पडदा सपाट जागी, रंगाची बाजू वर करून ठेवा, वर काही टाकू नका आणि तज्ज्ञाला बोलवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल. रंग सुटू नये म्हणून घरीच वार्निश किंवा फेव्हिकॉल मारण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण रंग काळपट पडतात आणि ते परत काढता येत नाही.

रंग पक्का असेल तरच गुंडाळा. नळी निदान २० सेंमी व्यासाची आणि पडद्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब हवी. तिच्यावर आधी पॉलिएस्टर फिल्म, मग खळ काढून धुतलेलं मांजरपाट. रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन उचलला जातो. प्रत्येक फेऱ्यात आम्लरहित कागद घाला. हे काम एकट्याचं नाही, दोन्ही टोकांना माणूस आणि मध्ये एकजण हवाच. गुंडाळी उभी करू नका, दोन्ही टोकं आधारावर ठेवून आडवी टांगा, म्हणजे वजन पडद्यावर येत नाही.

नेपथ्या
धन्यवाद. इस्त्री रद्द! खोलीत एसी आहे, तो पुरेल का?

तिसरी घंटा
दिवसा एसी आणि रात्री बंद, हे सगळ्यात वाईट. सापेक्ष आर्द्रता रोज वर-खाली झाली की कापड ताणतं आणि सैल पडतं, आणि रंग सुटतो. आर्द्रतामापक लावा. ४५ ते ५५ टक्के उत्तम, ६५ च्या वर गेली की बुरशीची भीती. रात्रंदिवस चालणारा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) आणि मंद पंखा जास्त उपयोगी. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

जुनी_जाहिरात
हँडबिलांबद्दल. लॅमिनेशन म्हणजे कागदाला गरम प्लास्टिक कायमचं चिकटवणं. आतलं आम्ल आतच राहतं आणि कागद पिवळा पडत जातो. सेलोटेप, स्टेपल, टाचण्या नकोत. पॉलिएस्टरच्या दोन बाजू उघड्या असलेल्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या फायलीत नको. क्रमांक मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने. आधी ४०० डीपीआयला स्कॅन करा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे छापखान्याचं नाव सुटत नाही.

साल काढायची रीत: आधी मर्यादा ठरवा. उदाहरणार्थ, ‘मानापमान’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं १२ मार्च १९११ ला. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले १९१३ मध्ये. तेव्हा वर ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ आणि त्यातल्या नायिकेच्या, भामिनीच्या, भूमिकेत बालगंधर्व असं हँडबिल असेल, तर ते याच अवधीतलं. तीन लागोपाठच्या वर्षांत एकच तारीख एकाच वारी येत नाही, म्हणून वार जुळवला की साल निश्चित होतं. तिथी असेल तर पंचांगाने ताडून पाहा. मर्यादा कळत नसेल तर साल लिहूच नका. ‘अंदाजे’ लिहिलेलं पुढे कोणीतरी खात्रीचं म्हणून वापरतं.

पायपेटी
शालू: जर चिंच-लिंबाने उजळू नका, मुलामा निघतो. घडी टाळून रुळावर गुंडाळा. घडी अटळ असेल तर घडीत आम्लरहित कागदाची गुंडाळी घाला. कसर (कापड खाणारी कीड) दिसली तर पॉलिथिनच्या हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर कापडावर पाणी धरतं. पडद्यांना हा उपाय लागू करू नका.

तबकड्या शेलॅकच्या (लाखेच्या) असतात, स्पिरिट लावलं तर पृष्ठभाग विरघळतो. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. वाजवायला ७८ ची जाड सुई लागते, एलपीची नाही.

जुनी_जाहिरात
एक राहिलं: वस्तू स्वीकारताना दानपत्र घ्या. देणाऱ्याचं नाव, वस्तूचं वर्णन, तारीख, आणि मालकी संग्रहालयाकडे आली हे स्पष्ट वाक्य. प्रदर्शनात मूळ हँडबिल तीन महिनेच लावा, ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) कमी उजेडात. पुढे त्याच जागी छायाप्रत.