लेझरआधी नखाची तपासणी करा

दोन महिने नखाच्या बुरशीवरचं लॅकर (नेलपॉलिशसारखं लावायचं औषध) लावूनही आईंच्या अंगठ्याचं नख पिवळंच आहे, आता लेझर करू का, असं विचारलंय तुम्ही. इतक्यात धीर सोडू नका. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. बिघडलेला भाग उजळत नाही, तो पुढे सरकतो आणि कापला जातो. मुळाशी स्वच्छ गुलाबी पट्टी दिसतेय का, बघा. माझ्या वडिलांना ती चौथ्या महिन्यात दिसली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी! अमोरोल्फिनचं (बुरशीनाशक औषध) लॅकर लावण्याआधी नख घासून पातळ करायला मात्र विसरू नका. लेझरला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मान्यता दिलीय ती नख तात्पुरतं स्वच्छ दिसण्यापुरती, बुरशी बरी करण्यासाठी नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी नखाचा चुरा केओएच तपासणीला (बुरशी खरंच आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी चाचणी) द्याच. कारण सोरायसिस या त्वचारोगात बुरशी नसतानाही नख असंच दिसू शकतं.