मदत हवी आहे : पासवर्डवाल्या झिप फाइल्सचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं सीएचं छोटं ऑफिस आहे. वेगळा आयटीवाला नाही, त्यामुळे कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात. परवा एका जुन्या क्लायंटच्या नावाने मेल आला. आमच्याच आधीच्या मेलला रिप्लाय, खाली जुना मजकूर जसाच्या तसा, सोबत झिप आणि तिचा पासवर्डही मेलमध्येच! झिपला पासवर्ड असला की अँटिव्हायरसच्या स्कॅनरला आत डोकावता येत नाही, त्यासाठीच हा उद्योग. नाव बरोबर, पण पाठवणाऱ्याचा पत्ता भलताच. आमच्या अकाउंटंट ताईंनी ते हेरलं आणि सरळ क्लायंटला फोन लावला. त्यांनी काही पाठवलंच नव्हतं. एमोटेट नावाच्या मालवेअरची जुनी चाल हीच होती म्हणे.

2022 पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या ऑफिस फाइल्समधले मॅक्रो (फाइलमध्येच दडलेले छोटे प्रोग्राम) आपोआप अडवायला सुरुवात केली, पण आता झिपमधून आयएसओ (डिस्कची प्रत), एलएनके (शॉर्टकट) असलं काहीबाही येतं. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट) लपवतं, म्हणून 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' नुसतं 'बिल.पीडीएफ' दिसतं. ते सेटिंग सगळीकडे बदललंय.

आता अडचण अशी, की पासवर्डवाल्या झिप सरसकट अडवाव्यात तर आमचे खरे क्लायंटही कागदपत्रं तशीच पाठवतात. जुलैत तर रीघ लागते. तुमच्याकडे काय करता? अशा फाइल्स वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडता, की क्लायंटना ड्राइव्हची लिंक देऊन तिथेच अपलोड करायला लावता? वयस्कर क्लायंटना ते जमतं का? फार खर्चाचं काही सुचवू नका, सर ऐकणार नाहीत.