मैदानी बोल्स पुन्हा सुरू: भर पुसापुशीवर हवा की अंतरावर?

वॉरिकशायरकर (एप्रिल 2021)

इंग्लंडमध्ये 29 मार्चपासून मैदानी खेळांना पुन्हा परवानगी मिळाली आहे आणि गावोगावच्या क्लबांत बोल्सचा हंगाम उघडतो आहे. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारीक कापलेल्या सपाट हिरवळीवर, एका लहान चटईवर उभे राहून, ‘जॅक’ नावाचा लहान चेंडू घरंगळत सोडतात आणि मग मुद्दाम एका अंगाला कल दिलेले, दीड किलोच्या आसपास वजनाचे आपले गोळे त्याच्या शक्य तितक्या जवळ जाऊन थांबतील अशा बेताने टाकतात. हिरवळीवर शेजारी शेजारी लांबट पट्टे आखलेले असतात, त्यांना रिंक म्हणतात. खेळणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी मोठ्या संख्येने असतात, म्हणजे कोविडचा धोका ज्यांना सर्वाधिक तेच लोक. म्हणूनच हा विषय चर्चेला घेत आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात खेळ सुरू झाला तेव्हा चटई आणि जॅक एकानेच हाताळावे, दुसऱ्याच्या गोळ्याला हात लावू नये, सामाईक सामान जंतुनाशकाने पुसावे, असे नियम आले. विषाणूविषयीची माहिती तेव्हा तोकडी होती, त्यामुळे ते योग्यच होते. परंतु याच 5 एप्रिलला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने स्पष्ट केले आहे की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे 10,000 मध्ये एकाहूनही कमी असते. असे असताना आपली सारी दक्षता चटई पुसण्यात खर्च व्हावी, हे मला पटत नाही.

खरी जोखीम कुठे आहे ते पाहा. चौघांच्या संघांचा सामना असेल तर एका रिंकवर आठ माणसे आणि सोळा गोळे असतात. गोळे टाकले जात असतात तोवर काही लोक चटईपाशी आणि काही वीस मीटरांहून अधिक दूर, जॅकच्या बाजूला उभे असतात. तिथवर सगळे ठीक असते. पण शेवटचा गोळा थांबला की सगळे जॅकभोवती गोळा होतात, कोणता गोळा जवळ यावर एकमत होत नाही, मोजपट्टी निघते, एक जण गुडघे टेकतो आणि उरलेले त्याच्या खांद्यावरून वाकून मोठमोठ्याने मते देऊ लागतात. दोन मीटरचे अंतर तिथे कोणाच्याही लक्षात राहत नाही. पावसाची सर आली की हीच मंडळी एका लहानशा छपराखाली दाटीवाटीने उभी राहतात.

माझे म्हणणे असे की, यंदा एकेरी आणि दुहेरी सामन्यांवर भर द्यावा, एक सोडून एक रिंक वापरावा, मोजणीच्या वेळी प्रत्येक संघाचा एकच खेळाडू जॅकपाशी जावा आणि इतरांनी मागे राहावे. एवढे कसोशीने पाळले तर पुसापुशीचे नियम सैल केल्याने काही बिघडणार नाही.

शुश्रूषा

मी वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करते आणि आपल्या निष्कर्षाशी सहमत नाही. सत्तरीपुढच्या बहुतेकांना लशीची पहिली मात्रा मिळाली असली तरी दोन मात्रांत बारा आठवड्यांपर्यंतचे अंतर ठेवल्यामुळे अनेकांची दुसरी मात्रा अजून बाकी आहे. शिवाय गोळ्याची पकड नीट यावी म्हणून बोटे ओठांना लावण्याची सवय काहींना असते, आणि वयानुसार ती सवय सुटणे कठीण जाते. दहा हजारांत एक हा आकडा एका स्पर्शाचा आहे. दुपारभर खेळताना असे स्पर्श किती होतात, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. हात धुणे आणि सामान पुसणे यांचा खर्च नगण्य आहे. एक नियम सैल केला की लोक दुसराही सैल करतात, हे मी कामाच्या ठिकाणी रोज पाहते.

नाशिकहून_रेडिंगला

माझा आक्षेप वेगळा आहे. हिरवळीची चर्चा चालू आहे, पण परगावच्या क्लबाशी सामना असला की चार-चार जण एकाच मोटारीत, काचा लावून तासभर प्रवास करतात, त्याचे काय? ज्या वर्गाला जपायचे आहे तो वर्ग बंद मोटारीत शेजारी शेजारी बसणार असेल तर रिंकवरच्या नियमांना अर्थ उरत नाही. माझे आईवडील महाराष्ट्रात आहेत. तिथे 14 एप्रिलपासून पुन्हा कडक निर्बंध लागले असून रुग्णालयांत खाट मिळवण्यासाठी लोकांची धावपळ चालू आहे. साथ ओसरली असे वाटत असतानाच हे घडले, म्हणून निदान या उन्हाळ्यात परगावचे सामने नकोत, असे मला कळकळीने वाटते.

हिरवळप्रेमी

मी स्वतः पंच्याहत्तरीचा आहे आणि हा खेळ खेळतो. आमच्यापैकी कित्येक जण एकटे राहतात. गेली हिवाळी टाळेबंदी त्यांनी खिडकीत बसून काढली. त्यांचे गुडघे आखडले, बोलणे कमी झाले आणि दोघांना तर घरातल्या घरात पडून इजा झाली. संसर्गाचा धोका मोजताना घरी बसण्याच्या धोक्याचाही हिशेब मांडायला हवा. नियम कितीही असू द्या, आम्ही ते पाळू. मात्र परगावचे सामने सरसकट बंद करण्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या वाहनाने यावे, ज्याला ते जमत नसेल त्याला फक्त त्याच्या घरच्याच माणसाने आणावे, एवढी अट पुरेशी आहे.

वॉरिकशायरकर

शुश्रूषाताई, अनेक स्पर्शांचा आपला मुद्दा रास्त आहे, मात्र तो आकडा पृष्ठभाग मुळात दूषित असेल तेव्हाचा आहे आणि उघड्यावर, उन्हात विषाणू फार काळ तग धरत नाही. तरीही खेळाआधी आणि नंतर हात धुणे सक्तीचे असावे, यावर माझी हरकत नाही. माझा विरोध फक्त अशा व्यवस्थेला आहे जिथे बाटली आणि फडके हातात आहे म्हणून माणसे स्वतःला सुरक्षित समजून एकमेकांच्या तोंडाशी जाऊन बोलतात. मोटारींचा मुद्दा मी मांडायला हवा होता. तो पूर्णपणे मान्य. क्लबघराच्या आतली बैठक तर 17 मेच्या आधी उघडण्याची शक्यताच नाही आणि त्यानंतरही निदान महिनाभर चहा बाहेरच व्हावा.

शुश्रूषा

मोजणीच्या वेळचे बंधन आणि बाहेरचा चहा मला मान्य आहे. चटई आणि जॅक मात्र दुसरी मात्रा सर्वांना मिळेपर्यंत एकाच खेळाडूने हाताळावे, या मतावर मी ठाम आहे.