आजोबांच्या आमदारकीचे कागद कुणाला द्यावेत?

गोदाकाठची:
पंचवटीतलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला जातंय. माळ्यावर आजोबांच्या ट्रंका आहेत. सत्तरच्या दशकात ते आमदार होते. डायऱ्या, विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांचे खर्डे आणि मतदारसंघातून आलेली पत्रं, सगळं सुतळीनं बांधलेलं. काका म्हणतात, मानपत्रं आणि मोठ्या पुढाऱ्यांची पत्रं ठेवू, बाकी रद्दीत. मला ते अजिबात पटत नाही. रविवारी सगळं तारखेप्रमाणे लावायला बसणार आहे. पुढे काय करू?

दप्तरवाला:
ताई, तारखेप्रमाणे लावू नका. माझी सगळी नोकरी जुन्या कागदांत गेली, म्हणून कळकळीनं सांगतो. गठ्ठा एकदा फुटला की कुठल्या पत्रावरून कुठला प्रश्न विचारला गेला, हे परत कुणालाही जुळवता येणार नाही. गठ्ठ्यावर क्रमांक घाला, तो कुठल्या ट्रंकेत होता ते वहीत लिहा, फोटो काढा. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेल्या कागदांना आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी लागते.

आणि काकांना सांगा, आजोबांचं भाषण विधानसभेच्या छापील कार्यवाहीत सापडेल. पण १९७२ च्या दुष्काळात येवला-नांदगावकडच्या एखाद्या बाईनं खडी फोडल्याची मजुरी थकली म्हणून पोस्टकार्ड धाडलं असेल, तर ते जगात फक्त तुमच्या माळ्यावर आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. तो ज्यांच्यासाठी झाला त्यांचं म्हणणं त्यांच्याच अक्षरात वाचायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट!

सिन्नरकर:
दादासाहेब गायकवाडांचंच बघा ना. ते मुंबई विधिमंडळात होते, पुढे खासदार झाले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं जपली गेली, म्हणून काळाराम सत्याग्रहामागचा हेतू ३ मार्च १९३४ च्या पत्रात खुद्द बाबासाहेबांच्या शब्दांत वाचता येतो.

गोदाकाठची:
काकांना हे वाचून दाखवते. पण द्यायचे कुणाला? काही पत्रांत लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, भाऊबंदकी, नवऱ्याची दारू. ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून गावातच असतील.

दप्तरवाला:
दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागद घेतं, बॅरिस्टर जयकरांचे तिथंच आहेत. पण तुमच्या पत्रांचा खरा वाचक नाशिक जिल्ह्यातला. त्याला दिल्ली परवडायची नाही. म्हणून आधी मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाला, म्हणजे राज्य सरकारच्या जुन्या कागदपत्रांच्या खात्याला विचारा, आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयालाही विचारा. १८४० पासूनची संस्था आहे. सूची कोण करणार, कागद कुठे राहणार, अभ्यासकाला कसे मिळणार, हे लेखी घ्या. नुसत्या सत्कारावर आणि फोटोवर देऊ नका.

घरगुती पत्रं वेगळी काढू नका, त्यांचे क्रमांक तेवढे टिपून ठेवा. ती अमुक वर्षं कुणाला दाखवायची नाहीत, अशी अट करारात घालता येते. आणि कागद तुमच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. तेव्हा कितीही मोह झाला तरी फेसबुकवर टाकू नका.